बडोद्यात रोज १० किलोमीटर धावणाऱ्याला हिमाचलातल्या पिन पार्वती पासच्या (खिंडीच्या) ट्रेकच्या तयारीसाठी तीन महिने पुरतील का?

पायांना पुरतील. धावण्याच्या भरवशावर विचारताय, म्हणून लिहायला बसले. मीही बडोद्याचीच, आणि आमच्या तुकडीत सगळ्यांत जास्त दम माझ्यात होता.

एप्रिल ते ऑगस्ट मी दर रविवारी पावागढ केला. माचीपासून पायऱ्यांनी वर, पाठीवर १२ किलोची सॅक, उतरतानाही तेवढंच वजन. वर पोचल्यावर पाण्याच्या बाटल्या ओतून हलकं उतरणारे बरेच दिसतात. तसं करू नका, गुडघ्यांचा कस उतारावरच लागतो. सपाट रस्त्यावर धावण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. पण पावागढ ८०० मीटरच्या आसपास आणि पास ५,३१९ मीटर. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या जवळपास निम्मा. त्याची सवय बडोद्यात राहून होत नाही, ती वाटेतच हळूहळू चढून होते.

सप्टेंबरात मी आणि थोरला भाऊ बरशैणीहून, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावाहून, निघालो. खीरगंगा, ठाकूर कुआं, पांडुपूल, सगळं मजेत पार पडलं. मानतलाई तलावाशी (सुमारे ४,१०० मीटर) पोचलो त्या संध्याकाळी माझं कपाळ ठणकायला लागलं. दादाला सांगितलं. तो म्हणाला, "गाईडला बोलू नकोस, परत पाठवतील. गोळी घे नि झोप." मी गोळी घेतली आणि झोपले. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. तरी दुसऱ्या दिवशी आमचे तंबू सुमारे ४,९०० मीटरवर लागले.

तिथे मला गेटरचं (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधतात त्या पट्ट्याचं) बक्कल लावता येईना. बोटं गारठलेली नव्हती, बक्कल समोर दिसत होतं, पण पट्टा कुठून ओवायचा तेच सुचेना. गाईडनं ते पाहिलं. म्हणाला, टाचेला अंगठा टेकवत सरळ रेषेत चालून दाखवा. तिसऱ्या पावलाला मी कलंडले. त्यानं एक मदतनीस बरोबर दिला आणि मला त्याच पावली खाली धाडलं. रात्री मानतलाईला पोचलो, सकाळी डोकं स्वच्छ होतं. मग आल्या वाटेनं बरशैणीपर्यंत कित्येक दिवसांची पायपीट.

दादा पास ओलांडून पलीकडच्या मुद गावात उतरला. तेव्हापासून दर दिवाळीला दांडिया बाजारच्या घरात सगळ्यांसमोर त्याचं एकच वाक्य: "हिला झेपलं नाही." हे खोटं आहे. उंचीवर असा तोल जाणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण, आणि त्यावर पहिला इलाज खाली उतरणं हाच. एक रात्र आणखी तिथे काढली असती तर माझं काय झालं असतं, ते त्यानं एकदा तरी बोलून दाखवावं. गप्प राहिले ही माझी चूक, ती मी मान्य करते. गप्प बसवलं ही त्याची, ती त्यानं अजून मान्य केलेली नाही.

म्हणून सांगते, मानतलाईला एक जादा मुक्काम नसेल तर त्या ट्रेकचे पैसेच भरू नका. पुढे आजारी पडलात तर उतरायला जवळ रस्ता नाही. डोकं दुखलं की तासाभरात गाईडला सांगा. तंबूतला सोबती "बोलू नकोस" म्हणाला तर तंबू बदला, मग तो सख्खा भाऊ का असेना.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. आणि हिमनदीवर मी दोर बांधून चाललेले नाही. बर्फाखाली झाकलेल्या भेगांबद्दल ज्यानं पास ओलांडलाय त्यालाच विचारा. बिनदोराचं मात्र कुणी नेत असेल तर जाऊ नका.