वडिलांना घेऊन बडोद्याहून पँटानलला जग्वारचे फोटो काढायला जायचंय. आखणी कशी करावी?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: जुलै ते ऑक्टोबरमधला कोणता महिना धरावा, किती दिवस ठेवावेत, आणि मोठ्या ६०० मिमीच्या लेन्सवर पैसे घालावेत का. शेवटी वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत, त्यांना झेपेल का, असंही विचारलंय. मीही बडोद्याचीच, दांडिया बाजारातली. पँटानल हा दक्षिण अमेरिकेतला अवाढव्य पाणथळ प्रदेश पाहून आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहुतेक जण प्राण्यांची यादी करून सुरुवात करतात. पाणथळ जागेत तसं करू नका, आधी पाणी बघा. आपल्या विश्वामित्री नदीच्या मगरी आठवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा त्या सोसायट्यांच्या आवारात सापडत होत्या. त्याच मगरी पौष-माघात सकाळी काळ्या घोड्याच्या पुलावरून काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. मगरी त्याच, फक्त पाणी पसरलं की त्या पसरतात आणि आटलं की काठाला येतात. पँटानलचं सगळं गणित हेच आहे, फक्त ते सुमारे दीड लाख चौरस किलोमीटरवर, म्हणजे गुजरातच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश भागावर चालतं.

पराग्वे नदीच्या वरच्या खोऱ्यातला हा प्रदेश बहुतांशी ब्राझीलमध्ये आहे, थोडा बोलिव्हिया आणि पराग्वेमध्ये. जमीन परातीसारखी सपाट, उतार किलोमीटरमागे काही सेंटिमीटरच. नोव्हेंबर ते मार्च पाऊस पडतो आणि ते पाणी उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकायला महिने लागतात. त्यामुळे उत्तर भाग आधी मोकळा होतो आणि दक्षिणेत तेव्हाही पाणी साचलेलं असू शकतं. कोणी नुसतं ‘पँटानलचा सीझन’ म्हणालं तर कुठल्या भागाचा, ते विचारा. जग्वारसाठी तुम्हाला उत्तरेत, मातो ग्रोसो राज्यात जायचंय. कुयाबा शहरातून पोकोने, तिथून ट्रान्सपँटानेरा नावाचा साधारण १४५ किलोमीटरचा कच्चा रस्ता, त्यावर शंभराहून अधिक पूल, आणि रस्ता संपतो तिथे नदीकाठी पोर्तो जोफ्रे. हा रस्ता खरं तर दक्षिणेत कोरुंबापर्यंत न्यायचा होता, पण तो इथेच थांबला. पाणी नद्यांपुरतं उरलं की केमन, म्हणजे तिथल्या मगरी, आणि कॅपिबारा हे उंदराच्या कुळातले मोठे प्राणी काठांवर गोळा होतात आणि त्यांच्यामागे जग्वार येतो. म्हणूनच तिथे होडीतून भरदिवसा जग्वार दिसतो.

आता महिना. जुलैत हवा छान असते, पण दक्षिणेकडून थंडीची लाट आली तर पारा एकदम १० अंशांपर्यंत उतरू शकतो आणि त्या दिवसांत प्राणी उन्हाची वाट बघत दडून राहतात. सप्टेंबरमध्ये जग्वार दिसण्याची शक्यता भरपूर, पण ऊन ४० अंशांपर्यंत जातं आणि वणव्यांचा धूर असू शकतो. २०२० मध्ये पँटानलचा सुमारे एक चतुर्थांश भाग जळाला, २०२४ मध्येही मोठ्या आगी लागल्या. धुरात सकाळचा उजेड पिवळट, मळकट होतो आणि वयस्कर माणसाला श्वासाचा त्रास होतो. वडील सोबत आहेत म्हणून मी ऑगस्टचा पहिला पंधरवडा सुचवेन. तेव्हा पिऊवाची झाडं पानं टाकून गुलाबी फुलांनी लगडलेली असतात, तोही फोटो सोडू नका. ऑक्टोबर विसरा.

दिवसांच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. पोर्तो जोफ्रेला नदीवर पूर्ण पाच दिवस हवेत, आणि वाटेत ट्रान्सपँटानेरावरच्या एखाद्या फझेंदावर, म्हणजे गुरांच्या मोठ्या वाडीवर, तीन दिवस. प्रवास धरून दोन आठवडे. पहिल्या दिवशी झुडपात लोळणारा जग्वार मिळाला की माणूस खूश होतो. पण तो पाण्यात उतरताना, केमनवर झेप घेताना, ओल्या अंगाने काठावर चढताना हवा असेल, तर एकाच जग्वारामागे शांतपणे दोन-दोन तास होडी धरून बसावं लागतं. तीन दिवसांची घाईची पॅकेजं स्वस्त दिसतात, पण त्यांत हा वेळच मिळत नाही. तुमच्याकडे पैसे मोजके असतील तर लेन्समधून काढून दिवसांत घाला, माझं मत पक्कं आहे.

आणि लेन्स खरंच एवढी लागत नाही. नद्यांच्या फाट्यांमध्ये जग्वार पुष्कळदा वीस-तीस मीटरवर असतो. १००-४०० किंवा २००-६०० ची झूम पुरते, आणि दुसऱ्या कॅमेऱ्यावर ७०-२०० ठेवा, कारण नदी, काठ आणि त्यात प्राणी असा मोकळा फोटो नंतर जास्त आवडतो. होडी हलत राहते, म्हणून शटर १/१००० च्या खाली नेऊ नका, आयएसओ ३२०० किंवा ६४०० झाला तरी चालेल. ट्रायपॉड होडीत उघडायला जागाच नसते. लेन्स टेकवायची उशी, म्हणजे बीनबॅग, रिकामी न्या आणि तिथे तांदूळ भरून घ्या. रस्त्यावर लाल धूळ इतकी उडते की तिथे लेन्स बदलायचीच नाही असं ठरवून टाका.

एक गोष्ट आपल्याकडच्या फोटोग्राफरच्या लक्षात येत नाही. ऑगस्टमध्ये तिथला सूर्य आकाशाच्या उत्तर बाजूने जातो. म्हणजे दिवसाचा बराच वेळ नदीच्या दक्षिण काठावर, जो उत्तरेकडे तोंड करून असतो, त्यावर ऊन पडतं आणि समोरचा काठ सावलीत जातो. आपल्या हिवाळ्यात याच्या बरोबर उलट होतं. नदी वळणं घेते म्हणून हा नियम काटेकोर नाही, पण सकाळी निघताना नावाड्याला दक्षिण काठ बघायला सांगा. साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळचा चांगला उजेड फार थोडा वेळ मिळतो. दुपारी साधारण अकरा ते तीन खोलीवर परत या, झोपा, कार्ड रिकामी करा.

सराव इथेच करा. डभोईजवळचं वढवाणा तळं सयाजीरावांच्या काळात सिंचनासाठी बांधलेलं, २०२१ पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. थंडीत तिथे पट्टकादंब, तलवार बदकं, मोठी लालसरी येतात. चांदवे पाण्यावरून धावत उडतात तेव्हा फोकस टिकवून बघा. हे जमलं की जग्वारची झेप हातातून सुटणार नाही. पांढऱ्या बगळ्यावर ऊन असताना एक्स्पोजर किती कमी करायचं, हे तिथेच हाताला बसवा. बसून, जमिनीलगत काढायची सवय लावा, कारण होडीतून डोळे पाण्याच्या पातळीपासून फार वर नसतात. आणि एकदा नळसरोवरला जाऊन होडीतून दिवसभर फोटो काढून बघा. येत्या हिवाळ्यात हा सराव झाला तर त्यापुढच्या ऑगस्टसाठी पुरे आहे.

फझेंदावरच्या दिवसांत हायसिंथ मकाऊ बघा, निळाशार, जगातला सर्वांत लांब पोपट. त्यांची घरटी बहुतेक मांदुवी झाडाच्या ढोलीत असतात. मजा अशी की त्या झाडाच्या बिया दूरवर नेण्यात टूकन पक्ष्याचा मोठा हात आहे, आणि तोच टूकन मकाऊची अंडीही खातो. ज्याने झाड वाढवलं त्यानेच घरटं लुटायचं! हे कळल्यावर टूकनचा फोटो नुसता चोचीचा राहत नाही, ढोलीकडे बघणारा टूकन तुम्ही आपोआप शोधू लागता. मोठी पाणमांजरं नदीवर दिसतील, कळपाने मासे फोडत असतात आणि आवाज फार करतात. तिथेही थांबा, सगळे जग्वारकडे धावतात म्हणून तुम्हीही धावायचं कारण नाही.

जग्वार दिसला की नावाडी एकमेकांना वायरलेसवर सांगतात आणि बघता बघता होड्यांची रांग लागते. म्हणून आयोजकाला आधीच विचारा: होडीत किती फोटोग्राफर? चारपेक्षा जास्त असतील तर दुसरा बघा. नावाडी वेगळा आणि वाटाड्या वेगळा आहे का? खुर्च्या फिरत्या आहेत का? गर्दी झाली तर बाजूच्या फाट्यात नेईल का? भारतातून निघणारे फोटो-ग्रुप सोयीचे असतात, पण हेच प्रश्न त्यांनाही विचारा. भाडं बहुधा संपूर्ण होडीमागे आकारलं जातं, त्यामुळे दोघांसाठी महाग पडेल. दोन ओळखीचे मिळाले तर पहा. आणि जग्वार नदी ओलांडत असेल तर त्याच्या वाटेत होडी घालू द्यायची नाही, तुमचा फोटो गेला तरी. नावाडी तुमच्याकडे बघूनच ठरवतो किती पुढे जायचं.

कागदपत्रांत ब्राझीलचा व्हिसा लागतो. पिवळ्या तापाची लस त्याहून महत्त्वाची. ब्राझीलहून परतताना भारत सरकार तिचा दाखला मागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस सरकारने नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते, नेहमीच्या दवाखान्यातली चालत नाही, आणि दाखला दहा दिवसांनंतर लागू होतो. साठीनंतर या लशीचा त्रास होण्याचा संभव थोडा वाढतो, म्हणून वडिलांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. हे पहिलं काम, तिकिटांच्याही आधी.

विमान मुंबईहून, आखाती शहरांतून साओ पावलो, पुढे कुयाबा. साओ पावलोत एक रात्र मुक्काम ठेवाच. देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला वजनाची मर्यादा असते, म्हणून कॅमेरा, लेन्स आणि सगळ्या बॅटऱ्या जवळ, बाकी बॅगेत. तुम्ही शाकाहारी असाल तर भात आणि बीन्सची पातळ उसळ रोज मिळेल, पण उसळीत डुकराचं मांस घालायची पद्धत आहे, तेव्हा बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या.

वडिलांबद्दल: चालणं फार नाही, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न कमी. त्रास तीन ठिकाणी होतो. होडीत चढता-उतरताना, पहाटेच्या गार वाऱ्यात, आणि तासन्‌तास बसून राहताना. कानटोपी आणि वाऱ्याचं जाकीट घ्या. नाश्त्याच्या वेळी काठावर उतरता येतं, हे नावाड्याशी आधी ठरवा. मोठं हॉस्पिटल कुयाबाला, म्हणजे कच्च्या रस्त्याने पोकोने आणि पुढे आणखी शंभर किलोमीटर. म्हणून आणीबाणीत हलवण्याचा खर्च देणारा विमा काढा आणि त्यांच्या औषधांची इंग्रजी चिठ्ठी दोघांच्याही बॅगेत ठेवा. त्यांना मागची, नावाड्याजवळची खुर्ची द्या, पुढच्या भागाला धक्के जास्त बसतात. हातात ८×४२ ची दुर्बीण द्या. तुम्ही व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसाल तेव्हा काठ शोधणारं माणूस होडीत लागतंच, आणि मागे नावाड्याशेजारी बसल्यावर दोन्ही काठ बघायला त्यांना मान वळवली की पुरतं.