काकू, विम्याचं नंतर बघू. आधी बक्षीसपत्रावर सही करू नका

या वेळचं पत्र फुलस्केप कागदावर निळ्या शाईने लिहिलेलं आहे. अक्षर सुंदर. पाठवणाऱ्या काकू ७१ वर्षांच्या आहेत. यजमान जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते, तीन वर्षांपूर्वी गेले. पाकिटावरचा पत्ता शेजारणीचा आहे. "माझा फोन मुलाकडे असतो, म्हणून उत्तर तिच्याकडे पाठवा," असं खाली लिहिलंय. उत्तर त्या पत्त्यावर आधीच पोचलं आहे. इथे छापताना गाव वगळलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांचा प्रश्न असा: "माझ्या नावावर २२ लाखांच्या ठेवी आहेत, १२ लाख सहकारी बँकेत आणि १० लाख पतसंस्थेत. सूनबाईंचा भाऊ विम्याचं काम करतो. तो म्हणतो, वर्षाला ४ लाख असे पाच वर्षं भरा, दहाव्या वर्षाच्या शेवटी २९ लाख हमखास मिळतील. पॉलिसी नातवाच्या आयुष्यावर काढायची. घेऊ का?"

नको. तुम्ही भरणार २० लाख. पहिला हप्ता दहा वर्षं राहणार, शेवटचा सहा वर्षं, म्हणजे सरासरी आठ वर्षं. आठ वर्षांत २० चे २९ म्हणजे वर्षाला जेमतेम पावणेपाच टक्के. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते, तेही दर तिमाहीला हातात. ठेवींवरचं व्याज धरूनही पाच हप्ते भरल्यावर तुमच्याकडे सहा-सात लाखच उरतील, आणि २९ लाख येतील तेव्हा तुम्ही ८१ वर्षांच्या असाल. मध्येच थांबलात तर भरलेलं पूर्ण परत येत नाही. ७१ वर्षांच्या विधवा बाईला दहा वर्षांची विमा योजना विकायला निघालेल्या माणसाने स्वतःच्या आईला ती विकली आहे का, हे त्याला विचारायला हवं. फॉर्मवर सही झाली असलीच, तर पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडी वजावट होऊन पैसे परत मिळतात.

तुमचा प्रश्न इथे संपला. पण पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही जे जाता जाता लिहिलंय, ते वाचून मी बराच वेळ पेन खाली ठेवलं होतं.

तुम्ही लिहिता: "पेन्शन महिना २४ हजार येते. एटीएम कार्ड सूनबाईंकडे असतं, मला वरखर्चाला दोन हजार मिळतात. दिवाळीआधी फ्लॅटचं बक्षीसपत्र मुलाच्या नावाने करायचं ठरलंय, त्यावर त्याला धंद्यासाठी कर्ज घ्यायचंय. मुलीला इतक्यात सांगू नकोस म्हणतो. मागे मी जरा थांब म्हटलं तर चार दिवस कोणी बोललं नाही, बीपीच्या गोळ्याही आणल्या नाहीत. एकदा हात जोरात धरला, मनगट काळंनिळं झालं होतं. पण तो वाईट नाही हो."

काकू, तुमचा मुलगा वाईट आहे की चांगला, हे मी ठरवत नाही. पण गोळ्या न आणणं, बोलणं बंद करणं, मनगट धरणं आणि मग सहीसाठी कागद पुढे करणं, याला घरातली कुरबुर म्हणत नाहीत. कायद्यात याला कौटुंबिक हिंसाचार म्हणतात. २००५ च्या त्या कायद्यात मारहाणीबरोबर आर्थिक छळही स्पष्ट लिहिला आहे: बाईचा पैसा अडवून ठेवणं, तिच्या मालमत्तेची विल्हेवाट लावणं. तो फक्त नवऱ्याच्या जाचासाठी आहे असा समज असतो. आईसुद्धा मुलाविरुद्ध त्याचा आधार घेऊ शकते.

आधी पेन्शन. २४ हजार गुणिले ३६ महिने म्हणजे साधारण साडेआठ लाख. तुमचं खाणंपिणं, औषधं, विजेतला वाटा आणि ते दोन हजार मिळून महिना १२ हजार धरू, म्हणजे सढळ हाताने धरलं. तरी सव्वाचार लाखांहून जास्त रक्कम गेली कुठे, हे तुम्हाला ठाऊक नाही, कारण पासबुक तुम्ही पाहिलेलंच नाही. कुटुंब निवृत्तिवेतन तुमच्या हक्काचं आहे. घरखर्चाला तुम्ही त्यातून जरूर द्यावं, पण देणाऱ्या तुम्ही असायला हव्यात. आज तुमच्याच पैशातून तुम्हाला दोन हजार मोजून दिले जातात.

आता फ्लॅट, हे सगळ्यात मोठं. तुम्ही लिहिलंय की यजमान मृत्युपत्र न करता गेले, आणि मग मुलगा आणि मुलगी दोघांनी हक्कसोडपत्र करून आपापला हिस्सा तुमच्या नावे सोडला. म्हणजे तुमच्या लेकीचा त्या घरात एक तृतीयांश वाटा होता. घर ४५ लाखांचं धरलं तर १५ लाख. ते तिने भावासाठी सोडले नाहीत, आईच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून सोडले. आता बक्षीसपत्र झालं की तिचा वाटाही भावाकडे जाणार, आणि तिला सांगायचंही नाही! ज्या व्यवहारात "ताईला कळवू नकोस" ही अट असते, त्यात काहीतरी लपवायचं असतं. तीस वर्षांत मी याला अपवाद पाहिलेला नाही.

हा मार्ग सुचतो कारण तो स्वस्त आहे. राहतं घर मुलाच्या नावे बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये, शहरात वर एक टक्का अधिभार. मुलांना सोयीचं व्हावं म्हणून दिलेली ही सवलत आहे, पण तिच्यामुळे एका सकाळच्या कामात आईचं घर जातं. बक्षीसपत्र नोंदलं की त्या क्षणी घर मुलाचं. तो ते गहाण टाकणार. धंदा चालला तर ठीक. नाही चालला तर बँकेची माणसं दाराशी येतील, आणि त्या दारावर तुमचं नाव नसेल.

"बक्षीसपत्रात आईला सांभाळायची अट घालू," असं तुमचा मुलगा म्हणतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर त्या कायद्याखालचं न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. पण डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल, नुसतं गृहीत धरता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. तिथे मुलाने सांभाळण्याचं वचनपत्र वेगळं लिहून दिलं होतं, ते तिच्या उपयोगी पडलं. पण ती बाई न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा घर परत मिळालं. तुम्हाला ७१ व्या वर्षी ती पायपीट करायची आहे का? त्यात बँकेचं कर्ज मध्ये आलं की गुंता आणखी वाढतो. सहीच केली नाही तर यातलं काहीच करावं लागणार नाही.

घर मुलालाच द्यायचं मनात असेल तर मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. ते हयातीत कितीही वेळा बदलता येतं आणि तोवर घर तुमचंच राहतं. मुलाला घाई असेल तर ती त्याच्या कर्जाची आहे.

इथे एक गोष्ट सांगतो, ती मला अजून छळते. बारा वर्षांपूर्वी एक निवृत्त परिचारिका पैशांच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येत असत. मी त्यांच्या ठेवींचा तक्ता अगदी नीट मांडून दिला होता, रुपयाचाही फरक नव्हता. त्यांच्या फोनवर येणारे मेसेज कोण वाचतं, हे मात्र कधी विचारलं नाही. दोन वर्षांनी त्या बहिणीकडे राहायला गेल्या, एका पिशवीत कपडे घेऊन. घर मुलाच्या नावे झालं होतं, ठेवी मुदतीआधीच मोडलेल्या होत्या. तेव्हापासून साठीच्या पुढच्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो: तुमचा ओटीपी कोण वाचतं? पुरुष बहुतेक "मीच" म्हणतात. बायकांपैकी कितीतरी जणी आधी मुलाकडे बघतात.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. घरात आधी काही बोलू नका. शेजारणीच्या फोनवरून लेकीला सगळं सांगा, मनगटाचंही. ती आली की तिच्याबरोबर पेन्शनच्या बँकेत जा. आधार आणि पासबुक लागेल. पासबुक मिळालं नाही तर नवं मागा. साधा बटणांचा फोन आणि तुमच्या नावाचं नवं सिम घ्या, तो नंबर खात्याला जोडा, जुना काढायला सांगा, एटीएम कार्ड बंद करा. आधारलाही मुलाचाच नंबर असणार, तो आधार केंद्रात जाऊन बदला, नाहीतर मागचं दार उघडं राहील. पासबुकात तीन वर्षांच्या नोंदी भरून घ्या. फ्लॅटचे कागद, हक्कसोडपत्र आणि सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) लेकीकडे ठेवा. घरात मिळाले नाहीत तर सोसायटीत आणि निबंधक कार्यालयात प्रती मिळतात.

मुलगा चिडला, हात उगारला, तर ११२ लावा. शांतपणे सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि महिलांसाठी १८१ आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज केला तर तुम्हाला घरातून काढू नये असा आदेश न्यायालयाकडून मिळू शकतो. ज्येष्ठ नागरिक कायद्याचं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असतं. तिथे निर्वाहासाठी अर्ज स्वतः करता येतो. हे सगळं आजच करा असं म्हणत नाही, पण नंबर नव्या फोनमध्ये घालून ठेवा.

आता पैसे. पतसंस्थेतल्या ठेवींना ठेव विम्याचं संरक्षण नसतं, सहकारी बँकेत ते ५ लाखांपर्यंतच असतं. म्हणजे तुमच्या २२ लाखांपैकी १७ लाख आज उघड्यावर आहेत. मुदत संपेल तसे ते काढा, पतसंस्थेतले सगळ्यात आधी. १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत. तिमाहीला साधारण ३० हजार ७५० रुपये, म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार. उरलेले ७ लाख दोन बँकांच्या साध्या मुदत ठेवीत, त्यातले तीन लाख कधीही मोडता येतील असे. खाती फक्त तुमच्या नावावर ठेवा. दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकेल असं संयुक्त खातं नको, नॉमिनी म्हणून नाव लावलं की पुरे. पेन्शन धरून महिना ३४ हजार होतात. त्यातून घरात १२-१५ हजार द्या, दर महिन्याला, स्वतःच्या हाताने.

मुलाला मदत करावी असं तुमच्या मनात आहे, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. करा. दीड-दोन लाख, परत आले नाहीत तरी तुमची झोप उडणार नाही एवढे, धनादेशाने आणि लेकीला सांगून. त्याला खरोखर धंदा उभा करायचा असेल तर त्याचे हिशेब घेऊन त्याने माझ्याकडे यावं, मी फी न घेता बसेन त्याच्याबरोबर.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत स्वतः जा आणि त्याच दिवशी पासबुक भरून आणा. शेजारणीकडे पाठवलेल्या पाकिटात माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं एक रिकामं पाकीट आहे. नवं सिम हाती आलं की एका चिठ्ठीवर फक्त नंबर लिहून ते पोस्टात टाका. मी फोन करतो.