थॉमस मोर : चरित्र कोणते वाचावे?

प्रश्न : सोलापुरात ‘हुतात्मा’ म्हटले की १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले चौघे आणि त्यांचे पुतळे डोळ्यांपुढे उभे राहतात. इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर सर थॉमस मोर यांनाही कॅथलिक चर्च हुतात्मा मानते, असे वाचनात आले. मी निवृत्त वकील आहे. राजाच्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्याला राजानेच का मारले, हे नीट समजेल असे चरित्र सुचवावे. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपल्या शहरातले चौघे परक्या सत्तेकडून मारले गेले, मोर मात्र ज्या राजाची सेवा केली त्याच्याच हुकमाने. मराठी ख्रिस्ती लेखनात अशा व्यक्तीला ‘रक्तसाक्षी’ असाही शब्द आहे, आणि वकिलाला तो अधिक जवळचा वाटेल. गंमत अशी की, या साक्षीदाराने वर्षभराहून अधिक काळ, राजाने मागितलेली शपथ नाकारण्याचे कारण कोणालाही सांगितले नव्हते.

सुरुवात विल्यम रोपर यांच्या चरित्रापासून करावी. रोपर हे मोर यांचे जावई, लाडक्या मार्गारेटचे पती. त्यांनी १५५० च्या दशकात लिहिलेला हा छोटा मजकूर छापला गेला तो थेट १६२६ मध्ये. त्यात सनावळ्या जवळपास नाहीत, स्मरणाच्या चुका आहेत आणि सासऱ्यांवरची भक्ती तर पानोपानी आहे. पण घरातल्या माणसाने पाहिलेले मोर दुसरीकडे भेटत नाहीत. राजा आठवा हेन्री चेल्सीच्या बागेत मोर यांच्या गळ्यात हात टाकून तासभर फिरला, म्हणून जावयाने आनंद व्यक्त केला, तेव्हा सासऱ्यांनी शांतपणे सांगितले की, माझ्या डोक्याच्या बदल्यात फ्रान्समधला एक किल्ला मिळणार असेल तर हे डोके राहणार नाही. १९६२ ची येल विद्यापीठाची आवृत्ती आधुनिक वर्णलेखनात आहे. तीच घ्यावी, कारण मूळ वर्णलेखन वाचकाला दमवते.

त्यानंतर मोर यांनी लंडनच्या टॉवर या किल्ल्यातल्या कैदेतून मार्गारेटला लिहिलेली पत्रे वाचावीत. १५३२ मध्ये पद सोडलेल्या मोर यांनी एप्रिल १५३४ मध्ये वारसाहक्काच्या कायद्याची, म्हणजे राजाच्या दुसऱ्या लग्नाच्या मुलांना गादीचे वारस ठरवणाऱ्या कायद्याची, शपथ नाकारली. पोपऐवजी राजाला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख मानण्याचा प्रश्नही पुढे आला. खटल्यात त्यांचे मौन हाच दुष्ट हेतूचा पुरावा म्हणून मांडला गेला. त्यावर त्यांचा प्रतिवाद होता की, कायद्याच्या दृष्टीने मौन ही संमती ठरते, विरोध नव्हे. आपल्याकडे हे कोणत्याही चावडीवर मान्य झाले असते! सॉलिसिटर जनरल रिचर्ड रिच यांनी कोठडीतल्या एका खासगी संभाषणाची साक्ष दिली, मोर यांनी ती खोटी ठरवली, तरी दोषी ठरवले गेले. राजाला चर्चचा प्रमुख ठरवणारा कायदा करण्याचा संसदेला अधिकारच नाही, हे ते उघडपणे बोलले ते त्यानंतरच. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला.

एवढ्यावर थांबल्यास चित्र एकांगी राहील. चॅन्सेलरपदाच्या काळात धर्ममतावरून सहा जण जिवंत जाळले गेले, आणि मोर यांनी अशा शिक्षेचे लेखी समर्थनच केले. रिचर्ड मारियस यांचे १९८४ चे चरित्र या बाजूला बगल देत नाही. ते जाडजूड आहे आणि कधी कधी मोर यांच्यावर जास्तच कठोर होते, तरीही रोपरनंतर तेच हवे. आर. डब्ल्यू. चेंबर्स यांचे चरित्र १९३५ चे, म्हणजे मोर यांना संतपद मिळाले त्याच वर्षीचे. भाषा सुंदर, पण तोल आदराकडे झुकलेला. तेव्हाचे लंडन, तिथली न्यायालये आणि वकिलांची वसतिगृहे डोळ्यांपुढे हवी असतील तर पीटर ॲक्रॉइड यांचे १९९८ चे पुस्तक उत्तम.

रॉबर्ट बोल्ट यांचे मोर यांच्यावरचे १९६० चे नाटक ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ शेवटी वाचावे. ते प्रभावी आहे, पण त्यातला मोर विसाव्या शतकातल्या माणसासारखा स्वतःच्या अंतःकरणाचा हवाला देतो. पत्रांतले मोर अंतःकरणाबद्दल वारंवार बोलतात खरे, पण त्यामागे संपूर्ण ख्रिस्ती जगाचे एकमत आहे, हे त्यांचे मुख्य म्हणणे आहे.