फारअवे ट्रीची पुस्तकं ८ वर्षांच्या मुलीला आणि ५ वर्षांच्या मुलाला एकत्र वाचून दाखवता येतील का?

येतील की, बिनधास्त सुरू करा. तुम्ही लिहिलंय की थोरली ८ ची, धाकटा ५ चा, शाळा सेमी इंग्लिश पण घरात सगळं मराठी, मग एनिड ब्लायटन ह्या इंग्रज लेखिकेची ही सीरिज झेपेल का, कुठल्या पुस्तकापासून धरायची, जुनी आवृत्ती घ्यायची की नवी, आणि त्यात पोरांना मारणारी एक मास्तरीण आहे असं ऐकलंय ते खरं का. मी काय पुस्तकातला जाणकार माणूस न्हाई, कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर असतो, पण आमच्या घरात ह्या पुस्तकांचा पार चोथा झालाय, माझी दोन पोरं आणि मे महिन्यात बहिणीची पोरं येतात ती, सगळ्यांना मीच वाचून दाखवलीयत, त्यामुळं अनुभवाचं सांगतो.

आधी क्रम. पहिलं 'द एन्चांटेड वूड', १९३९ चं. दुसरं 'द मॅजिक फारअवे ट्री', १९४३. तिसरं 'द फोक ऑफ द फारअवे ट्री', १९४६. १९५१ ला अजून एक निघालं होतं पण ते चित्रांच्या पट्ट्यांचं आहे, नाही मिळालं तरी काही अडत नाही. पहिल्यापासूनच सुरू करा, कारण दुसऱ्या पुस्तकाच्या नावातच झाड आहे म्हणून लोक तेच आधी उचलतात आणि मग पोरं विचारत बसतात हा मूनफेस कोण आणि ही बाई वरून पाणी का ओतती.

गोष्ट अशी आहे की जो, बेसी आणि फॅनी ही तीन भावंडं आईबापाबरोबर शहर सोडून खेड्यात राहायला येतात, घर लहान, पैसा बेताचा, पोरांनी बागेत राबायचं, घरात हातभार लावायचा आणि काम झालं की मग हुंदडायचं. घराजवळच एक जंगल, मधी नुसता एक चर, तो ओलांडला की झाडं एकमेकांशी 'विशा-विशा-विशा' करून कुजबुजत असतात. त्या जंगलात एक झाड एवढं उंच की शेंडा ढगात गेलाय, आणि एकाच झाडाला खाली एक फळ, वर दुसरंच. खोडात दारं खिडक्या आणि आत बिऱ्हाडं. अँग्री पिक्सी म्हणजे एक रागीट जादुई बुटका, त्याच्या खिडकीतून डोकावलं की तो अंगावर पाणी नाहीतर शाई फेकतो, डेम वॉशालॉट दिवसभर धुणं धुती आणि घाण पाणी तसंच खाली सोडती, चढणाऱ्यांनी आपलं आपण बघायचं. एक गृहस्थ कायम घोरत असतात, त्यांचं नाव त्यांनाच आठवत नाही. सॉसपॅन मॅन अंगावर भांडी बांधून फिरतो, त्या खडखडाटात त्याला काही नीट ऐकू येत नाही, म्हणून तो प्रत्येक वाक्याचं भलतंच उत्तर देतो, आणि हे वाचून दाखवताना आवाज काढून वाचलंत तर ५ वर्षांचं पोर गडाबडा लोळतं, गॅरंटी.

सगळ्यात वर चंद्रासारख्या गोल तोंडाच्या मूनफेसची गोल खोली, तिच्या मधोमध भोक, तिथनं झाडाच्या आतून गोल गोल फिरत तळापर्यंत घसरगुंडी. उशीवर बसायचं आणि सुटायचं. खाली बाहेर पडलं की उशी तिथं द्यायची, एक खार त्या गोळा करती आणि मूनफेस दोरीनं वर ओढून घेतो. माझी थोरली पहिल्यांदा ऐकल्यावर घसरगुंडीबद्दल काहीच बोलली नाही, तिनं विचारलं की एकाच वेळी दहा जण घसरले आणि वर उश्याच उरल्या नाहीत तर मग काय करतो तो. मला हे लय आवडलं. जादू आहे पण उशी वर न्यायला दोरीच लागती, आपोआप येत नाही, पोरांना असल्या गोष्टी बरोबर पटतात.

आता ह्या सीरिजचा खरा जीव कशात आहे ते सांगतो, कारण त्यावरच वाचायचं कसं ते ठरतं. शेंड्यावरच्या ढगाला एक भोक आहे, शिडी आहे, शिडीनं वर गेलं की एक अख्खा देश. तो देश तिथं थोडाच वेळ थांबतो, मग निघून जातो आणि दुसरा येतो. आज फिरणारा देश, नंतर बर्फाचा, कधी डुलणारा, कधी जे पाहिजे ते घेऊन जा असा देश, कधी सगळे हातावर चालतात असा उलटा देश. आणि वेळेत शिडीवर परत आला नाहीत तर अडकलात. बस, एवढा एकच नियम, पण त्या नियमानं प्रत्येक प्रकरणात पोटात गोळा येतो. म्हणून पानं मोजून थांबू नका. देश संपला की थांबा. एक देश साधारण दोन-तीन प्रकरणांत संपतो, मधी थांबलात तर पोरं झोपणार नाहीत हे लक्षात ठेवा, गोष्टीतला जो बर्फात अडकलेला असताना मी लाईट घालवली होती, रात्री सव्वाअकराला धाकटा उठून आला की पप्पा तो सुटला का तेवढं सांगा.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. भाषा सोपी आहे, वाक्यं छोटी, ८ वर्षांची मुलगी पुढं स्वतः वाचेल. पण सुरुवातीला मी काय करतो, पुस्तक हातात इंग्रजी आणि तोंडानं सरळ मराठी. नावं आहेत तशी ठेवायची आणि बाकी आपल्या बोलण्यातलं. सॉसपॅन मॅनचं चुकीचं ऐकू येणं तेवढं इंग्रजीतलं जमत नाही, तिथं आपली आपण यमकं जुळवायची, बादलीला सादली म्हणा काहीही म्हणा, चालतंय. दुसऱ्या पुस्तकापर्यंत थोरली माझ्या खांद्यावरून वाचायला लागली आणि मी एखादी ओळ गाळली की लगेच, पप्पा खाली अजून आहे. तिथं समजायचं की गाडी रुळावर आली, मग एक पान तुम्ही एक पान ती.

खाण्याचं मात्र आधीच सांगून ठेवतो, उपाशीपोटी वाचू नका. चावलं की मध सुटतो अशी पॉप बिस्किटं, तोंडात फुगत फुगत जाऊन फुटणारी टॉफी, आणि गूगल बन. हो, गूगलच. ती कंपनी निघायच्या अर्धं शतक आधीचा शब्द आहे, माझा धाकटा हे मानायलाच तयार न्हाई, त्याच्या मते बाईंनी मोबाईलवर बघूनच लिहिलंय. आणि डेम वॉशालॉटचं प्रकरण वाचून झालं की घरातले तांबे नि मगे जरा नजरेखाली ठेवा. आमच्याकडं जिन्यावरून तांब्याभर पाणी थोरलीच्या डोक्यावर आलं होतं, तेही शाळेच्या ड्रेसवर, रिक्षा दारात उभी असताना.

मास्तरणीचं खरं आहे. पहिल्या पुस्तकात डेम स्लॅपची शाळा आहे, ती नावाप्रमाणं थपडा देती. नव्या आवृत्तीत तिचं नाव डेम स्नॅप केलंय आणि ती मारायच्या ऐवजी ओरडती. तसंच पोरांची नावं पण बदललीयत, जो चं स्पेलिंग बदललं, बेसीची बेथ, फॅनीची फ्रॅनी, आणि दुसऱ्या पुस्तकात येणारा नात्यातला भाऊ डिक तो रिक झालाय. माझ्याकडं पहिलं जुन्या पुस्तकवाल्याकडचं आणि बाकी दोन नवीन, त्यामुळं आमच्यात दोन्ही नावं चालतात. माझं मत विचाराल तर मिळेल ती घ्या, फक्त शक्य असेल तर तिन्ही एकाच पद्धतीची घ्या, नाहीतर ५ वर्षांचं पोर फ्रॅनी ही चौथी बहीण समजून बसतंय. थपडांचं मला एवढं वाटलं नाही. पोरं तिच्या तावडीतनं निसटतात हीच तर त्यातली मजा आहे, आणि आपण जवळ बसून वाचतोय म्हटल्यावर बोलता येतं की.

मला खटकलं ते दुसरंच. बेसी आणि फॅनी घरातलं करतात आणि जो बागेत, आणि संकट आलं की बहुतेक वेळा डोकं जो चंच चालतं. त्या काळातलं आहे, कबूल, पण थोरलीनं तिसऱ्या-चौथ्या रात्रीच पकडलं, म्हणाली ह्याला भांडी घासायला काय होतं. मी म्हटलं मग तू सांग कुणी घासायची, तर तिनं जो ला लावलं कामाला, आणि तेव्हापासनं आमच्यात जो भांडी घासतो, पुस्तकात काही का असेना. धाकट्याला हे फारसं पसंत नाही कारण तो स्वतःला जो समजतो आणि जेवण झाल्यावर ताट उचलायची पाळी त्याच्यावर येती. दुसरं म्हणजे ही भावंडं रात्री न सांगता जंगलात जातात आणि अनोळखी माणसाच्या घरी शिरून खातात पितात. तेवढं एकदा स्पष्ट बोलून घ्या पोरांशी, मग प्रत्येक पानावर थांबून उपदेश नको, पोरं उठून जातात.

भावंडांची भांडणं हा तुमचा विषय असेल (दोन असली की असतोच) तर दुसऱ्या पुस्तकात टेम्पर्सचा देश आहे, तिथं ज्याचा राग सुटला त्यानं कायमचं तिथंच राहायचं. आमच्या घरात हा देश हप्त्यातनं दोनदा तरी येऊन थांबतो. आणि पहिल्या पुस्तकात जे पाहिजे ते घ्या अशा देशात गेल्यावर ही पोरं काय घेतात तर घरासाठी कोंबड्या आणि शेळी. हे माझ्या आईला एवढं पटलं, ती लांबून ऐकत होती निवडत बसलेली, म्हणाली शहाणी लेकरं हायत. माझ्या पोरांनी रिमोटची कार मागितली असती.

तिसऱ्या पुस्तकाबद्दल लोक नाक मुरडतात. कॉनी नावाची एक चोंबडी, कशावरच विश्वास न ठेवणारी मुलगी येती, सुरुवातीला तिचीच फजिती सारखी सारखी, तिथं थोडं रेंगाळतं, मी दोन प्रकरणं भराभर उरकली. पण पुढं ते झाडच वाळायला लागतं. पानं पिवळी, फळं गळतात, आणि कळतं की खाली ट्रोल लोक (गोष्टीतले राक्षसासारखे) रत्नांसाठी मुळं खणतायत. इथं मी पोरांना काहीही समजावलं नाही. रस्ता रुंद करताना आमच्या बाजूची झाडं गेली ती त्यांनी बघितलीयत, थोरलीनं आपणहून विचारलं की त्या झाडांवर कोण राहायचं. माझ्या मते तिन्ही पुस्तकांत हाच भाग सगळ्यात जड आहे, ५ वर्षांच्याला थोडी भीती वाटेल, पण गाळू नका, शेवट चांगला होतो.

आणि कोल्हापुरात राहून ही पुस्तकं नुसती घरात बसून वाचायची म्हणजे करंटेपणा. पावसाळ्यात आंबा घाटात घेऊन जा. तिथं ढग खाली उतरून झाडांच्या शेंड्यात शिरतो ते समोर दिसतं, आमची पोरं गाडीतनं उतरल्या उतरल्या भांडायला लागली की वर आत्ता कुठला देश आलाय, एक म्हणतंय बर्फाचा, एक म्हणतंय वाढदिवसाचा, आणि भज्यांची प्लेट तशीच गार. राधानगरी-दाजीपूरला जमलं तर शेकरू, म्हणजे मोठी खार, दाखवा, १९५८ पासूनचं अभयारण्य आहे ते, लोक गवा बघायला म्हणून जातात आणि मान वर करायची विसरतात. शेकरू उंच फांद्यांत घरटं करतं, एक नाही, दोन-चार, आणि वरच्यावर ह्या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत जातं, जमिनीवर फारसं उतरत नाही. उश्या गोळा करणारी खार ती हीच असं आमच्यात ठरलंय. तेवढं लांब नको असेल तर टाऊन हॉलच्या बागेत जुनी मोठी झाडं आहेत, बुंध्याला कान लावून विशा-विशा ऐकू येतं का बघा म्हणायचं, पोरं अर्धा तास हलत नाहीत, आपला चहा होतो. चढायचं तेवढं हाताला येईल त्या फांदीपर्यंतच, ही अट आधीच घाला.

नार्निया ही दुसरी इंग्रजी सीरिज आत्ता घेऊ का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. त्यात पण भावंडंच आहेत, चौघं, सात पुस्तकं १९५० ते १९५६ मधली, आणि त्यातही झाडं जिवंत आहेत. पण पहिल्याच पुस्तकात एक भाऊ बाकीच्यांशी दगा करतो आणि पुढं मरणाबिरणाचं येतं, थोरलीला अजून वर्ष-दीड वर्षानं द्या, धाकट्याला आत्ता नको.

पुस्तकं तिन्ही एकदम विकत घेऊ नका. पहिलं आधी करवीर नगर वाचन मंदिरात विचारा, १८५० पासूनचं ग्रंथालय आहे, नसेल तर जुन्या पुस्तकवाल्यांकडं बघा, आणि नवीन घेणार असाल तर चित्रं असलेली प्रत बघून घ्या, ५ वर्षांच्याला त्याशिवाय झाडावर कोण कुठल्या मजल्यावर राहतंय ते ध्यानात राहत नाही. आमच्यानं तर कपाटाच्या दारावर खडूनं अख्खं झाड काढलंय, बायको पुसू देत नाही म्हणून अजून आहे.