घड्याळ पुढे जाते तेव्हा : दोन मुलींच्या घरातला मार्च-एप्रिल

म्युनिकच्या एका उपनगरात राहणाऱ्या वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची थोरली मुलगी सहा वर्षांची आणि धाकटी साडेतीन वर्षांची आहे. हिवाळाभर साडेसातला निमूट अंथरुणात शिरणाऱ्या या दोघी गेल्या वसंतात रात्रीचे नऊ वाजले तरी खिडकीशी उभ्या राहून ‘अजून उजेड आहे’ म्हणून हुज्जत घालत. सकाळी किटाला, म्हणजे इथल्या बालवाडीला, निघताना रडारड होई. आणि पुण्याच्या आजीच्या फोनची वेळ चुकू लागल्यामुळे आजीही रुसून बसली. यंदा हे टाळता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

बऱ्याच अंशी टाळता येईल. मात्र त्यासाठी या तीन तक्रारींचे मूळ एकच आहे, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. जर्मनीत मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ तासाने पुढे नेले जाते. 2026 साली हा रविवार 29 मार्चला येतो. आदल्या दिवशी साडेसहाच्या सुमारास मावळणारा सूर्य दुसऱ्या दिवशी साडेसात उलटून गेल्यावर मावळतो आणि जूनअखेर तर तो सव्वानऊपर्यंत रेंगाळतो. लहान मुलाच्या शरीराला झोपेची सूचना अंधारातून मिळते, भिंतीवरच्या आकड्यांतून नव्हे. त्यामुळे तुमच्या मुली हट्ट करत नव्हत्या, त्यांना खरोखरच झोप येत नव्हती. रागावून किंवा समजावून याला उतार पडणार नाही.

उपाय आदल्या बुधवारीच सुरू करावा. बुधवारी मुलींना नेहमीपेक्षा पंधरा मिनिटे आधी झोपवावे, गुरुवारी अर्धा तास, शुक्रवारी पाऊण तास आणि शनिवारी पूर्ण एक तास आधी, म्हणजे रविवारी घड्याळ बदलले तरी त्यांच्या अंगाला त्याचा फारसा पत्ता लागत नाही. केवळ झोपेची वेळ सरकवून भागत नाही. संध्याकाळचे जेवण आणि आंघोळ हीदेखील त्याच हिशेबाने अलीकडे आणावी लागतात, कारण पोट भरल्यावर लगेच दिवे मालवले तर कोणतेही मूल झोपत नाही. सकाळी उठल्याबरोबर पडदे उघडून घरात उजेड येऊ द्यावा. आणि तुमच्या घराच्या खिडक्यांना बाहेरून रोललाडेन, म्हणजे वरून खाली ओढायच्या झडपा असतील, तर त्यांचा उपयोग ज्यासाठी त्या बसवल्या आहेत त्यासाठी करावा. आपल्याकडची बरीच मंडळी ‘घर कोंदट वाटते’ म्हणून त्या वर्षानुवर्षे वर गुंडाळून ठेवतात. गोष्ट सुरू करण्याआधी त्या तीन चतुर्थांश खाली घ्याव्यात. खोलीत काळोख झाला की अर्धे काम तिथेच होते.

त्याहून महत्त्वाचा आहे तो संध्याकाळचा क्रम. बागेतून घरी येणे, आंघोळ, जेवण, दात घासणे, गोष्ट, अंथरूण हा क्रम कोणत्याही ऋतूत बदलू नये. घड्याळ पाहता न येणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला आंघोळीनंतर जेवण येते आणि गोष्टीनंतर अंधार होतो, एवढे पक्के कळते. ज्या दिवशी बागेत उशीर होईल त्या दिवशी गोष्ट लहान सांगावी, पण ती गाळू नये. बाकी बाबतींत वसंतात थोडी ढील द्यायला हरकत नाही. खेळण्यांचा पसारा, चिखलाने माखलेले बूट, जेवणाआधी खाल्लेले सफरचंद यांवरून रोज संध्याकाळी वाद घालण्याइतकी शक्ती नोकरी करणाऱ्या कोणत्याही आईबापांकडे उरलेली नसते.

दोघींना एकाच वेळी झोपवण्याचा आग्रह मात्र सोडावा, असे मला स्पष्टपणे वाटते. सहा वर्षांच्या मुलीला अर्धा तास जास्त जागू द्यावे आणि तो अर्धा तास आईने किंवा बाबांनी तिला एकटीला द्यावा. येत्या सप्टेंबरात ती शाळेत जाईल, तेव्हा तिच्यासमोर जर्मन अक्षरे येतील. त्याआधीचे हे महिने मांडीवर पुस्तक घेऊन मराठी अक्षरांशी ओळख करून देण्यासाठी उत्तम आहेत. धाकटी पहिले काही दिवस आकांडतांडव करील. तिला दीर्घ कारणे देत बसू नये. ‘तू सहा वर्षांची झालीस की तूही जागशील’ एवढे एकच वाक्य रोज त्याच शब्दांत, त्याच आवाजात सांगावे.

या सवलतीची दुसरी बाजू अशी की, ‘तू ताई आहेस ना, मग दे तिला’ हे वाक्य घरात कमी ऐकू आले पाहिजे. आपल्या मराठी घरांत ते इतके सहज तोंडातून निघते की त्याचे ओझे आपल्याला जाणवत नाही. परदेशात आत्या-मावशी आणि चुलत भावंडे आसपास नसल्यामुळे दोघीच दिवसभर एकमेकींच्या वाट्याला येतात, आणि थोरलीला प्रत्येक वेळी माघार घ्यावी लागली तर ती धाकटीवर वचपा काढते. धाकटीचेही दुःख असतेच; तिला सगळे ताईचे जुने मिळते. मार्चमध्ये गावोगावच्या चर्चच्या सभागृहांत आणि किटांमध्ये मुलांच्या वापरलेल्या कपड्यांचे बाजार भरतात. तिथे दोघींना घेऊन जावे आणि प्रत्येकीला एक वस्तू स्वतः निवडू द्यावी. टेबलांवर मापानुसार लावलेल्या कपड्यांच्या ढिगांतून धाकटीने गुडघ्याला ठिगळ लावलेली, निळ्या रंगाची पावसाळी विजार उचलली, तर ताईची गुलाबी विजार घरी पडून असली तरी तिला ती घेऊ द्यावी. दोन-चार युरोंत तिला ‘माझे’ म्हणण्याजोगे काही मिळते. शिवाय एप्रिलच्या इथल्या हवेत, जिथे सकाळी ऊन, दुपारी गारा आणि संध्याकाळी पुन्हा ऊन पडते, तिथे दुसरी विजार वाया जात नाही.

आता आजीचा रुसवा. हिवाळ्यात भारत जर्मनीपेक्षा साडेचार तास पुढे असतो आणि घड्याळ बदलल्यावर साडेतीन तास. पुण्यातले घड्याळ तेच राहत असल्यामुळे आजी तिच्या रात्री साडेनऊलाच फोन करते. मात्र जो फोन हिवाळ्यात तुमच्याकडे पाच वाजता येत असे, तो आता सहा वाजता येतो, म्हणजे मुली नेमक्या घसरगुंडीवर असताना किंवा तुम्ही त्यांना ओढून घरी आणत असताना. आजीला वाटते नातींना आपल्याशी बोलायचे नाही, आणि मुलींना वाटते फोन म्हणजे खेळ थांबवणारी कटकट. रोजचा फोन पुण्याच्या साडेआठला आणता आला तर पाहावे. ते जमत नसेल तर तो सरळ आठवड्यातून दोनदा करून शनिवारी आणि रविवारी सकाळी साडेनऊला ठेवावा. तेव्हा पुण्यात दुपारचा एक वाजलेला असतो, आजीचे स्वयंपाकघर आवरलेले असते आणि मुली न्याहारी करून ताज्यातवान्या असतात. बदल का होतो आहे ते आजीला 29 तारखेच्या आधीच सांगावे, नंतर नव्हे.

पत्रात पाडव्याचाही ओझरता उल्लेख आहे. यंदा गुढीपाडवा 19 मार्चला, गुरुवारी आहे, आणि मराठी मंडळाचा कार्यक्रम बहुधा शनिवार-रविवारी होईल. तरीही घरची गुढी त्या दिवशीच उभारावी. त्या सुमारास म्युनिकमध्ये सव्वासहाच्या आसपास उजाडते. किटाला निघण्याआधी वीस मिनिटे काढली तरी बाल्कनीत खण, साखरेची गाठी आणि तांब्या लावलेली काठी उभी राहते. कडुनिंबाचा डहाळा मिळणार नाही, म्हणून हळहळू नये. थोरलीने गाठी ओवावी आणि धाकटीने काठीला हळदकुंकू लावावे; थोडे सांडले तर सांडले.

बाल्कनीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : एप्रिलच्या उन्हाला भुलून तुळस बाहेर ठेवू नये. 11 ते 15 मे या दिवसांना इथले लोक आइसहायलिगे म्हणतात आणि तोवर रात्रीच्या गोठणाऱ्या दहिवराची धास्ती धरतात. नाजूक रोपे त्यानंतरच बाहेर काढावीत. मेथी आणि कोथिंबीर थंडी सोसतात, त्यांच्या कुंड्या मुलींच्या हाती आताही देता येतील.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, राहणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला तो सांगावाच लागतो. हवा सात-आठ अंशांच्या वर गेली की गवतातल्या आणि झुडपांतल्या गोचिडी जाग्या होतात. त्यांच्यातून एफएसएमई हा मेंदूज्वर आणि लाइम हा आजार पसरू शकतो, आणि बव्हेरियाचा जवळजवळ सगळा भाग एफएसएमईच्या जोखमीच्या क्षेत्रात मोडतो. या मेंदूज्वरावर लस आहे. तिचा दुसरा डोस पहिल्यानंतर एक ते तीन महिन्यांनी देतात, म्हणून मुलींची लस झालेली नसेल तर बालरोगतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्यावी. लाइमवर अशी लस उपलब्ध नाही. तिथे रोजची तपासणीच उपयोगी पडते, कारण गोचीड जितकी लवकर निघेल तितका संसर्गाचा धोका कमी होतो. संध्याकाळच्या आंघोळीच्या वेळी केसांच्या कडा, कानांमागची जागा, काखा, जांघा आणि गुडघ्यांच्या मागची बाजू बोटांनी चाचपून पाहावी. गोचीड सापडलीच तर तेल किंवा नेलपॉलिश लावण्याचे घरगुती उपाय करू नयेत. चिमट्याने तिला कातडीलगत पकडून सावकाश सरळ ओढून काढावी, जागा जंतुनाशकाने पुसावी आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागेभोवती पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले किंवा ताप आला, तर ती तारीख घेऊन डॉक्टरांकडे जावे. बागेत जाऊन आलेल्या दिवशी ही तपासणी आंघोळीत धरावी आणि कितीही उशीर झाला तरी चुकवू नये.