मे महिन्यातले वीस रुपये

प्रिय बाळा,

तुझ्या बाबांचा फोन आला होता. अमरावतीला बी.एस्सी.ला नंबर लागला, खोलीही मिळाली, आणि सामान बांधायच्या आधीच दूरच्या मामानं वीस वर्षांच्या जीवनविमा पॉलिसीचा फॉर्म पुढे केला म्हणे. सही करू नको. मामा रुसला तर रुसू दे.

मीही तुझ्याच वयात अशी एक घेतली होती, नात्यातल्याच एजंटाकडून. दोन हप्ते भरले, तिसऱ्या वर्षी कपाशी बोंडअळीनं खाल्ली, पॉलिसी बंद पडली आणि भरलेले पैसे बुडाले. जीवनविमा असतो तो आपल्या कमाईवर जगणाऱ्यांसाठी. तुझ्या कमाईवर आज कोण जगतं?

तुला भीती आहे ती अपघाताची आणि दवाखान्याची. अपघातासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा घे. वर्षाला 20 रुपये, म्हणजे दोन कट चहा. अपघाती मृत्यूला 2 लाख, दोन्ही डोळे किंवा दोन्ही हातपाय गेले तरी 2 लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय कायमचा गेला तर 1 लाख. बँकेत अर्ज दिला की पैसे दरवर्षी खात्यातून आपोआप कापले जातात. गोम इथेच आहे. वर्ष 1 जून ते 31 मे, कपात मे महिन्याच्या शेवटी, आणि नेमक्या तेव्हा पोरांच्या खात्यात दहा-बारा रुपये उरलेले असतात. बँकेच्या काउंटरवर बसून हे मी कितीदा पाहिलं! शिष्यवृत्ती येते, उडते, मे महिन्यात पोरगं गावी आणि विमा बंद. घरच्यांना पत्ताही नसतो. तेव्हा मे महिन्यात खात्यात शंभर रुपये राहू दे. आणि दोन बँकांत दोनदा भरून दुप्पट मिळत नाही, तेही ध्यानात ठेव.

सुट्टीत रात्रीच्या लाइनीवर ओलिताला जाशीलच. साप चावून झालेला मृत्यूही यात बसतो, पण लगेच दवाखान्यात नेल्याची नोंद असेल तरच. मांत्रिकाकडे गेलेला वेळ जीव घेतो, आणि त्याचा कागदही नसतो.

दवाखान्यासाठी आधी रेशनकार्ड काढून त्यावर तुझं नाव आहे का बघ. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचा उपचार मिळतो, पण ठरलेल्याच आजारांना आणि योजनेतल्याच दवाखान्यांत. आत शिरल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल विचारायचं, बिल झाल्यावर नाही. वेगळा मेडिक्लेम घ्यायचा झाला तर जुनं दुखणं लपवू नको आणि दवाखान्यातल्या खोलीभाड्याची मर्यादा वाच.

राहिली बाबांची मोटारसायकल. तिचा थर्ड पार्टी विमा तू ज्याला धडकशील त्याच्यासाठी. तुझ्या मोडक्या पायाला त्यातून काही मिळत नाही. हा विमा नसेल तर पहिल्यांदा 2,000 रुपये दंड. आणि लायसन्स नसताना कुणाला लागलं, तर कंपनी त्याला दिलेले पैसे बाबांकडून वसूल करू शकते. म्हणून लायसन्स निघेपर्यंत एसटीचा पास काढ.

वीस रुपयांच्या विम्यात वारस म्हणून आईचं नाव लाव आणि तिला ते सांगून ठेव. रविवारी आधार आणि पासबुक घेऊन ये, फॉर्म माझ्याकडेच भरू.

तुझा,
काका