अफोंसो : गॉथांचं नाव, कोकणातला आंबा

गेल्या खेपेला पोर्तुगीज आडनावांवर लिहिलं आणि निम्म्याहून जास्त पत्रं एकट्या ‘अफोंसो’वर आली. त्यातले काही प्रश्न आज घेतो.

आमचं आडनाव अफोंसो. आजोबा म्हणायचे, नाव पोर्तुगीज आहे. इंटरनेटवर मात्र ‘जर्मनिक’ असं दिसतं. खरं काय? (वसई)

दोन्ही खरं. पाचव्या शतकात व्हिसिगॉथ ही जर्मनिक टोळी आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत शिरली आणि तिने तिथे राज्य थाटलं. ७११ साली मुस्लिम सैन्य आलं आणि ते राज्य कोसळलं. गॉथांची भाषा मागे उरली नाही, नावं तेवढी तगली. ७३९ मध्ये उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियासच्या डोंगरी राज्याच्या गादीवर बसलेला पहिला आल्फोन्सो हा त्याचाच पुरावा.

नावाचे दोन तुकडे आहेत. मागचा ‘फुन्स’ म्हणजे सज्ज, उत्सुक. पुढचा तुकडा ‘अडल’ म्हणजे कुलीन, की ‘हिल्ड’ म्हणजे युद्ध, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला वाटतं, एकाहून जास्त जुनी नावं झिजत झिजत एकाच रूपात मिसळली. सातव्या शतकातल्या टोलेडोच्या संत इल्देफोन्सोंच्या नावात ‘हिल्ड’ अजून शाबूत आहे. पण अर्थाचा फार कीस काढू नका. जर्मनिक घराण्यांत बापाच्या नावातला एक तुकडा आणि आजोळकडचा दुसरा जोडून बाळाचं नाव ठेवण्याची रीत होती. जोडून काही अर्थ निघतो का, याची फिकीर कमीच.

तुमच्या गल्लीतली रॉड्रिग्ज, फर्नांडिस, गोन्साल्विस ही आडनावंही याच गॉथ वळणाची. शेवटचा ‘इस’ म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’. लोपिसला मात्र यात ओढू नका. त्याचं मूळ लॅटिन आहे.

अफोंसो, अफ्फोंसो, आल्फोन्सो असं तीन तऱ्हांनी का लिहितात? (मडगाव)

१९११ साली पोर्तुगालने शुद्धलेखन सुधारलं आणि जोड ‘फ’ गेला. गोव्यातल्या काही घरांच्या कागदपत्रांत तो तसाच राहिला. ‘ल’ हा स्पॅनिश आणि इटालियन रूपातला.

हापूस आंब्याला अफोंसो द अल्बुकर्कचं नाव दिलं, हे खरं का? (रत्नागिरी)

सगळीकडे असंच छापून येतं. मला ते पटत नाही. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५१५ मध्ये तो वारला. आंब्याची कलमं गोव्यात रुजवण्याचं श्रेय ज्या जेझुइट पाद्र्यांना देतात, ते तिथे पोचले १५४२ मध्ये. आता गेलेल्या माणसाच्या सन्मानार्थ नाव देता येतं, हे कबूल. पण मोगल काळात हिंदुस्थानात आयुष्य काढलेल्या मनुची या व्हेनिसच्या माणसाने गोव्यातल्या उत्तम आंब्यांची नावं लिहून ठेवली आहेत, आणि त्यांत एक आहे ‘निकुलाव अफोंसो’चा आंबा. म्हणजे आंब्याला नाव देणारा हा अफोंसो कुणी सेनापती नसून साधा बागाईतदार असण्याची शक्यता मला जास्त वाटते. पुढे कोकणी-मराठी तोंडांत ‘अफोंसो’चा ‘आपूस’ आणि ‘हापूस’ झाला. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही या गॉथ नावानिशी!

या नावाचे राजे किती झाले? (पुणे)

पोर्तुगालमध्ये सहा. पहिला अफोंसो हेन्रिक्स हाच त्या देशाचा पहिला राजा. पोपने त्याला राजा म्हणून मान्यता दिली ती ११७९ मध्ये. स्पेनमध्ये आकडा तेरावर गेला, कारण अस्तुरियास, लिऑन आणि कॅस्टाइल या जुन्या राज्यांची गणती सलग धरली. तेरावा १९३१ मध्ये देश सोडून गेला. आणखी एक अफोंसो युरोपच्या बाहेरचा. काँगोचा राजपुत्र म्व्हेंबा अ न्झिंगा याने १४९१ मध्ये बाप्तिस्मा घेऊन हे नाव धारण केलं आणि पुढे त्याच नावाने राज्य केलं.

केरळच्या संत अल्फोन्सा यांचं नाव यातलंच का? (डोंबिवली)

हो, हे त्याचंच स्त्रीलिंगी रूप. त्यांचं मूळ नाव अण्णा. १९२८ मध्ये मठात दाखल होताना त्यांनी इटलीचे संत आल्फोन्सुस लिगोरी यांच्यावरून हे नाव घेतलं. २००८ साली त्यांना संतपद मिळालं.

लेक-जावई लिस्बनला असतात. नातवाचं नाव अफोंसो ठेवायचं म्हणतात. नाव जुनाट वाटेल का? (म्हापसा)

अजिबात नाही. पोर्तुगालमध्ये मधल्या काळात ते आजोबांच्या पिढीचं वाटायचं खरं, पण अलीकडे नवजात मुलांच्या लाडक्या नावांत ते वरच्या रांगेत आहे. उच्चार मात्र तिथल्यासारखा करा, ‘अफोंसू’ असा.

एक गंमत सांगून ठेवतो. फ्रान्समध्ये १८७३ साली आलेल्या ‘मस्यू आल्फोन्स’ या नाटकातला नायक बायकांच्या पैशावर जगणारा होता. तेव्हापासून रशियन भाषेत तसल्या पुरुषाला ‘आल्फोन्स’ म्हणतात, आणि पोलिशमध्ये तर हा शब्द थेट दलालासाठी आहे. नातू उद्या वॉर्सात शिकायला गेला, तर मित्र दोन दिवस चिडवतील.